सही झाली, मेडिकल झालं आणि जॉइनिंगच्या तोंडावर कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल: बोटींवर माणसं भरती करणाऱ्या एका मॅनिंग एजन्सीचा रिव्ह्यू

रेटिंग ५ पैकी १.

एजन्सीचं नाव लिहीत नाहीये, दावा चालू आहे. पण ज्यांच्या क्रूइंग ऑफिसात चकरा चालू आहेत त्यांनी पूर्ण वाचा प्लीज.

सुरुवातीचं काम चांगलं होतं, ते नाकारत नाही. इंटरव्ह्यू वेळेवर, डॉक्युमेंट चेकिंग व्यवस्थित, मेडिकलची अपॉइंटमेंट लगेच. थर्ड इंजिनिअरची पोस्ट, कॉन्ट्रॅक्टवर माझी सही आणि ओनरच्या, म्हणजे बोटीच्या मालकाच्या, वतीने एजन्सीची सही, जॉइनिंग पोर्टसुद्धा ठरलेलं. सही झाली म्हणून हातातली दुसरी ऑफर मी सोडली, कोणीही सोडेल. आणि मग फ्लाइट जवळ आल्यावर फोन, की ओनरने दुसरा माणूस घेतला, तुमचं कॅन्सल, पुढची बोट आली की कळवतो. मेलवर लिहून द्या म्हटलं तर टाळाटाळ.

कॅन्सल होण्याबद्दल मी एवढा चिडलो नसतो. बोट विकली जाते, ड्रायडॉक (गोदीतली दुरुस्ती) लांबतं, चार्टर (बोट भाड्याने द्यायचा करार) बदलतो, हे या लाइनमधे चालतंच, पण अशा वेळी समोर बसवून नीट बोलायचं, झालेला खर्च द्यायचा, दुसरी बोट कधी देताय ते लेखी सांगायचं. इथे मिळालेलं उत्तर असं, की तुम्ही अजून निघालाच नाहीत म्हणजे कंपनीचे झालाच नाहीत, मग काढून टाकलं कुठे, आणि पैसे कसले मागताय? हे उत्तर अनेकांना मिळतं आणि बरेचजण ऐकून गप्प घरी जातात. म्हणून लिहितोय, कारण ते अर्धंच खरं आहे.

फिलिपीन्सचं उदाहरण घ्या, तिथून प्रचंड संख्येने लोक बोटीवर जातात. तिथल्या सरकारी स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्टमधेच आहे की नोकरी सुरू होते ती माणूस एअरपोर्टवरून किंवा बंदरातून प्रत्यक्ष निघाल्यावर. १९९८ मधे तिथल्या एका खलाशाला निघायच्या थोडे दिवस आधी थांबवलं, का तर हा परदेशात बोट सोडून पळेल असा नुसता संशय. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २००७ मधे निकाल लागला. कोर्ट म्हणालं की हो, नोकरी सुरू झाली नव्हती, पण करार सहीबरोबरच पक्का झाला होता आणि योग्य कारण नसताना माणसाला न पाठवणं हा करारभंग आहे. नऊ महिन्यांचा बेसिक पगार, महिना ५१५ डॉलरप्रमाणे ४,६३५ डॉलर, भरपाई म्हणून द्यायला लावला, वर वकिलाची १० टक्के फी. ओव्हरटाइम मात्र नाही दिला कारण काम केलेलं नव्हतं, आणि ते मला पटतं. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, हा निकाल सगळीकडे जसाच्या तसा लागू नाही, पण "निघाला नाहीत म्हणजे काहीच मिळणार नाही" असं कोणी ठणकावून सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

दुसरी गोष्ट पैशाची. माझ्याकडून "प्रोसेसिंग" आणि व्हिसाच्या नावाने पैसे घेतले होते, परत मागितल्यावर म्हणतात नॉन-रिफंडेबल. एमएलसी २००६ मधे, म्हणजे मरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारामधे स्पष्ट आहे की नोकरी लावून द्यायची फी खलाशाकडून घ्यायची नाही, मेडिकल सर्टिफिकेट, सीमन बुक (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट एवढाच खर्च त्याच्यावर टाकता येतो, व्हिसा ओनरचा. आणि एजंटने किंवा ओनरने करार पाळला नाही म्हणून नुकसान झालं तर ते भरून द्यायला एजंटकडे इन्शुरन्स किंवा तशी सोय असायलाच हवी. २०२२ ची दुरुस्ती डिसेंबर २०२४ पासून लागू आहे, त्यानुसार ही सोय आणि त्यातले आपले हक्क भरतीच्या वेळी किंवा त्याआधीच सांगणं एजंटचं काम आहे. मला कोणी अवाक्षर बोललं नाही. मी स्वतः विचारलं तेव्हा काउंटरवरचा माणूस आत जाऊन आला आणि "साहेब मीटिंगमधे आहेत" एवढंच म्हणाला.

सगळ्यात वाईट पुढचं. तक्रार करणार म्हटल्यावर एका सिनिअरने सांगितलं, मार्केट छोटं आहे, नाव सगळीकडे जातं, बघा बाबा. ही सरळ धमकी आहे. लायक माणसाला नोकरी मिळू नये म्हणून याद्या बनवायला एमएलसीची बंदी आहे, आणि नेमक्या याच भीतीने पोरं तोंड उघडत नाहीत, घरचे हप्ते डोळ्यासमोर असतात ना.

अशा जागी जायचंच असेल तर दोन्ही सह्यांची ओरिजिनल कॉपी हातात आल्याशिवाय दुसरी ऑफर सोडू नका, दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या, आणि फोनवर कॅन्सल म्हणाले की त्याच दिवशी आपणच मेल टाका, "आज तुम्ही फोनवर असं असं सांगितलंत" म्हणून. मी तो टाकला होता आणि डॉक्युमेंटेशनच्या मुलीने त्यावर तारखेसकट "कन्फर्म्ड" असं उत्तर दिलं. दाव्यात आज सगळ्यात मजबूत कागद तोच आहे. एक स्टार तिच्यासाठी.