मशीन शॉपला इंजिन द्यायच्या आधी हे वाचा, माझा १९६६ चा ब्लॉक असा गेला

हे लिहायचं लिहायचं म्हणत दीड वर्ष गेलं, कारण आठवलं की अजून घशाशी येतं. पण गेल्या महिन्यात इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात एक मुलगा भेटला, पुण्याचा, नुकतीच जुनी मस्टँग घेतलीय आणि इंजिन घरीच गॅरेजमध्ये करणार म्हणाला, मला इतका आनंद झाला, मग विचारलं की ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, सिलिंडर त्यातच असतात) बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर थोडे मोठे करून घ्यायला, कुठे देतोयस तर म्हणाला एक जण आहे, कॅश दिली तर स्वस्तात करतो, पावतीबिवतीच्या भानगडीत पडत नाही. तेव्हाच ठरवलं की आता सगळं लिहून टाकायचं.

आम्ही मिशिगनला राहतो, डिअरबॉर्नपासून अर्ध्या तासावर. माझी गाडी १९६६ ची मस्टँग हार्डटॉप, २८९ (घन इंचात आकारमान) व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, २०० हॉर्सपॉवर. व्हिन नंबरचं (गाडीच्या चेसिस नंबरचं) दुसरं अक्षर एफ, म्हणजे डिअरबॉर्नच्याच कारखान्यात जोडलेली, आणि पाचवं सी म्हणजे हेच इंजिन. त्या वर्षी फोर्डने सहा लाखांच्या वर मस्टँग बनवल्या त्यामुळे गाडी काही फार दुर्मिळ नाही. पण ही आमच्या शेजारच्या आजोबांची. त्यांनी नवी घेतलेली, आयुष्यभर फोर्डमध्येच नोकरी केली, ते गेल्यावर गाडी सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती आणि एक दिवस आजींनी किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या चालू कर आणि मला एकदा फिरवून आण, बाकी मला काही नको. (त्यांना मी आजीच म्हणतो, त्याचा अर्थ त्यांना माहिती आहे.)

माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर होते. शाळा सुटली की मी तिथेच, त्यामुळे बोअर मारणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग हे शब्द माझ्यासाठी नवीन नाहीत. वडील कुठलंही काम बाहेर द्यायचं असलं की आधी त्याला सेंटर पंचने कोपऱ्यात तीन टिंबं मारायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, माणूस चांगला आहे, पण लोखंड सगळं सारखंच दिसतं. मी हे लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलं आणि नेमकं इथे केलं नाही.

२०२३ च्या जानेवारीत इंजिन बाहेर काढलं, क्रेन भाड्याने आणली, स्टँडवर चढवलं आणि शनिवार रविवार करत सगळं उघडलं. आजोबांच्या खुणा जागोजागी होत्या, उजव्या बाजूच्या इंजिन माउंटच्या एका भोकाचा आटा गेला होता तिथे त्यांनी हेलिकॉइल (तारेचा नवा आटा) बसवलेला, इतका स्वच्छ की बोट फिरवलं तरच कळावं. सिलिंडरना वरच्या बाजूला चांगलीच कडा पडली होती, बोअर तर करायलाच लागणार होता. ते काम घरी होत नाही, त्याला बोअरिंग मशीन लागतं, म्हणून एका मशीन शॉपला ब्लॉक, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), रॉड (पिस्टन क्रँकला जोडतात ते) आणि हेड्स (ब्लॉकवर बसणारी झाकणं) नेऊन दिले. नाव लिहीत नाही. एका ओळखीच्याने सांगितलेलं, काउंटरवरचा माणूस गोड बोलणारा, फोर्डची इंजिनं मी डोळे झाकून करतो म्हणाला, भिंतीवर जुन्या रेसिंगचे फोटो. ब्लॉक धुणं, क्रॅक चेक, ३० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर, क्रँक १० थाऊ ग्राइंड, नवीन पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळे मिळून अडीच हजार डॉलरच्या आत सांगितले आणि १२०० कॅश ॲडव्हान्स मागितला. पावतीवर फक्त "फोर्ड व्ही-८ मशीनिंग" एवढंच लिहिलं. कास्टिंग नंबर (ओततानाच लोखंडात उमटवलेला) नाही, डेट कोड (ओतल्याची तारीख) नाही, काही नाही. मी ती घडी घालून खिशात टाकली आणि निघालो.

तीन आठवड्यांनी फोन आला की तुझा ब्लॉक गेला, सिलिंडरला क्रॅक आहे. मी म्हटलं येतो बघायला. तर म्हणे तो स्क्रॅपच्या ढिगात टाकला, स्क्रॅपवाला सकाळीच घेऊन गेला, पण काळजी करू नको, माझ्याकडे दुसरा २८९ चा ब्लॉक आहे, तो साडेसहाशेला देतो, आणि क्रॅकचा फोटो पाठवला. फोटोत एक सिलिंडर, भिंतीवर उभी काळी रेघ. मला त्या क्षणी आजींना काय सांगायचं हेच डोक्यात होतं, फोटो नीट बघितलाच नाही. हो म्हणून टाकलं.

क्रॅक चेक म्हणजे काय तर लोखंडाला चुंबकीय करतात आणि वर लोखंडाचा भुसा टाकतात, चीर असेल तिथे भुसा रेघ धरून बसतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि तुमच्यासमोर करून दाखवता येतं. चांगला कारागीर स्वतःहून बोलावून दाखवतो, आणि तुम्ही बघितल्याशिवाय तुमचा माल कधीच फेकत नाही. गिऱ्हाईकाला न विचारता ब्लॉक स्क्रॅपला जाऊच शकत नाही, तो शॉपचा नसतो, तुमचा असतो. हे मला तेव्हा तिथल्या तिथे म्हणता आलं असतं.

ऑगस्टमध्ये माल मिळाला, दुसऱ्या ब्लॉकचे साडेसहाशे धरून उरलेले १९०० दिले, तेही कॅशच. ब्लॉक निळ्या रंगाने जाड रंगवलेला, चकचकीत. पिस्टनवर ३० शिक्का, बोअर गेज लावून बघितलं तर बोअर एकदम बरोबर. तेवढं काम खरं होतं आणि त्याच्यामुळेच बाकीच्यावर विश्वास बसला. क्रँक बसवला, मेन बेअरिंगला प्लास्टिगेजची पट्टी (दाबली की फट किती ते दाखवते) ठेवून टॉर्क केलं, क्लिअरन्स दोन थाऊ, मी खूश. मग पहिला पिस्टन घातला, रॉड घट्ट केला आणि हाताने क्रँक फिरवला.

पिस्टन वर आला, ब्लॉकच्या तोंडाशी आला, आणि थांबलाच नाही. तोंडाच्या वर निघाला. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. स्ट्रेट एज ठेवली तर ती पिस्टनवर डुगडुगत होती. खिशातलं डाइमचं नाणं काढून शेजारी ब्लॉकवर ठेवलं, पिस्टन बरोब्बर त्या नाण्याइतका वर. म्हणजे ५० थाऊच्या आसपास. हेड गॅस्केट दाबून साधारण ४० थाऊचं राहतं. इंजिन जोडून स्टार्टर मारला असता तर पिस्टन थेट हेडवर आपटला असता.

२८९ आणि ३०२ ही फोर्डची सख्खी भावंडं आहेत. दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, ब्लॉकची उंची तीच, क्रँकचे जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) त्याच मापाचे. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन किती वरखाली जातो त्याचा, २८९ चा २.८७ इंच आणि १९६८ ला आलेल्या ३०२ चा ३ इंच. स्ट्रोक ०.१३ इंच वाढला की पिस्टन त्याच्या अर्धा, म्हणजे ६५ थाऊ वर जातो, म्हणून फोर्डने ३०२ चे रॉड तेवढेच आखूड केले, ५.१५५ ऐवजी ५.०९०. माझे रॉड आणि पिस्टन २८९ चे, ते जोडल्यावर नॉर्मली पिस्टन १०-१५ थाऊ खाली राहतो, इथे ५० वर. म्हणजे क्रँकच दुसरा. टॉर्च घेऊन क्रँकच्या काउंटरवेटवर बघितलं. २८९ च्या क्रँकवर "१एम" असं ओतलेलं असतं. माझ्यासमोर "२एम" होतं.

तिथून मग मी एकेक गोष्ट उलटून बघत गेलो. बेअरिंगचे शेल काढले, पाठीवर "एसटीडी", म्हणजे मूळ माप. १० थाऊ ग्राइंड केलेल्या क्रँकला १० चेच अंडरसाइज बेअरिंग लागतात, एसटीडी बसूच शकत नाही. मायक्रोमीटर लावला, रॉडचा जर्नल २.१२३, कंपनीतून आला तसा. ग्राइंडिंग झालंच नव्हतं, कुठल्यातरी भंगारातल्या ३०२ चा क्रँक पॉलिश करून मला दिला आणि ग्राइंडिंगचे पैसे घेतले. मग ब्लॉक. स्टार्टर बसतो त्याच्या वर कास्टिंग नंबर असतो, तिथे रंगाचा थर इतका जाड होता की अक्षरं नुसती उंचवट्यासारखी दिसत होती. थिनर लावून पितळी ब्रशने घासत बसलो, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, बायको दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता बघत होती. पहिलं अक्षर निघालं ते डी.

फोर्डच्या नंबरात पहिलं अक्षर दशक आणि पुढचा आकडा वर्ष. सी म्हणजे साठचं दशक, डी सत्तरचं, ई ऐंशीचं. माझा होता सी६एई-६०१५-सी. २८९ तर १९६८ नंतर गाड्यांत लागलंच नाही, मग सत्तरच्या दशकातला ब्लॉक २८९ चा कसा असेल. १०० डॉलरला कुठेही मिळणारा ३०२ चा ब्लॉक मला साडेसहाशेला विकला होता.

दुसऱ्या दिवशी गेलो तर तोच माणूस, पण भाषा वेगळी. पावतीवर कुठे लिहिलंय की २८९ म्हणून? तू आणलास तेच तुला दिलं. आणि खरंच पावतीवर काहीच नव्हतं. त्यात १९६६ च्या साध्या २८९ वर फोर्डने गाडीचा व्हिन नंबर मारलेलाच नसतो, तो १९६८ पासून मारायला लागले, त्याआधी फक्त के कोडच्या २७१ हॉर्सपॉवरवाल्या इंजिनांवर असायचा. म्हणजे हा ब्लॉक याच गाडीचा हे सिद्ध करायला कास्टिंग नंबर, ओतल्याची तारीख आणि तुमचा स्वतःचा फोटो याच्याशिवाय काही नाही. माझं नशीब की स्टार्टर काढताना वायर कुठली कुठे जाते हे लक्षात राहावं म्हणून मी एक फोटो काढला होता आणि त्याच्या कोपऱ्यात सी६एई आणि ६बी१४, म्हणजे १९६६ चा फेब्रुवारी, १४ तारीख, स्पष्ट वाचता येत होतं.

२०२४ च्या वसंतात स्मॉल क्लेम्सला (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) गेलो. मिशिगनला त्यात ७००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, वकील दोन्हीकडून चालत नाही, आपलं आपणच बोलायचं. तयारी करताना तो क्रॅकचा फोटो पहिल्यांदा मोठा करून बघितला आणि अंगावर काटा आला. सिलिंडरच्या भोवती हेड बोल्टची पाच भोकं होती. फोर्डच्या या इंजिनाला सिलिंडरभोवती चार असतात, एका हेडला दहा बोल्ट. पाच असतात ती शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकला, हेडला सतरा. माझ्या फोर्डचा क्रॅक म्हणून त्याने मला शेव्हीचा फोटो पाठवला होता. कोर्टात मी माझ्या ब्लॉकचा फोटो आणि त्याचा फोटो शेजारी ठेवले, जजसाहेबांनी पेनाच्या टोकाने भोकं मोजली, दोनदा मोजली, आणि त्याला विचारलं हे एकच इंजिन आहे का. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

३१०० डॉलरचा निकाल माझ्या बाजूने लागला. पण निकाल लागणं आणि पैसे मिळणं वेगळं, वसुली कोर्ट करून देत नाही, ती आपणच मागे लागून करायची. दोन हप्त्यांत ८०० मिळाले, मग फोन बंद, आता तिथे पाटीही नाही. माझी खात्री आहे की क्रॅक कधी नव्हताच, चांगला २८९ चा ब्लॉक आणि १एम क्रँक शोधत असतात लोक, त्याला चांगलं गिऱ्हाईक मिळालं असणार.

त्या पुण्याच्या मुलाला मी घरी बोलावून त्याचा ब्लॉक दोन तास बघत बसलो. सगळे कास्टिंग नंबर आणि तारखांचे फोटो काढले, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. क्रँकच्या काउंटरवेटवर, रॉडच्या टोप्यांवर, ब्लॉकच्या खालच्या कडेला जिथे मशीन लागत नाही तिथे तीन तीन टिंबं मारली. पावतीवर नंबर लिहून घेतल्याशिवाय माल टेबलावर ठेवायचा नाही, पैसे चेक किंवा कार्डनेच, आणि काही खराब निघालं तर तो तुकडा परत हवा असं आधीच लिहून घ्यायचं, हे त्याला सांगितलं. तो शॉपही बदलला. इथे रिपेअर शॉपला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (राज्याच्या कार्यालयाकडे) नोंदणी लागते, ती आहे का ते बघायला फार तर पाच मिनिटं जातात, आणि नव्या शॉपवाल्याने स्वतःच फॉर्म काढून कास्टिंग नंबर भरला, तेव्हा त्या पोराने माझ्याकडे बघून मान हलवली.

माझी गाडी चालू झाली. स्वॅप मीटमध्ये १एम क्रँक मिळाला, तो दुसरीकडे माझ्यासमोर ग्राइंड करून घेतला, आणि त्या डी ब्लॉकवरच इंजिन उभं केलं. गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला) आजींना घेऊन गेलो. खिडकी खाली करून बसल्या होत्या, सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, आवाज तोच आहे. ब्लॉक त्यांचा नाही हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगायची हिंमत अजून होत नाही.

म्हणून शेवटी एक विनंती. कोणाला कुठे २८९ चा ब्लॉक दिसला, विकायला असो नाहीतर कोणाच्या गाडीत, नंबर सी६एई-६०१५-सी, तारीख ६बी१४, तर उजव्या बाजूच्या इंजिन माउंटच्या भोकांत बोट घालून बघा. एकात हेलिकॉइल असेल तर मला कळवा. घ्यायला मी कुठल्याही स्टेटमध्ये येईन.