पिसारोच्या समुद्रावर भडक रंगाचा हात

फ्रेंच चित्रकार कामिय पिसारोचं 'समुद्रकाठी गप्पा मारणाऱ्या दोघी, सेंट थॉमस' हे चित्र मी एका ऑनलाइन दुकानातून कॅनव्हास प्रिंट म्हणून मागवलं. दोन फूट बाय तीन फूट. पॅकिंग झकास होतं: कोपऱ्यांना पुठ्ठा, वर बबल रॅपचे तीन वेढे. कौतुक तेवढंच.

उघडलं तर आकाश नारिंगी! मूळ चित्रातलं आकाश फिकट आहे, डोळे किंचित बारीक करून पाहावं असं. पण उष्ण कटिबंधातला समुद्र म्हटला की भडकच असणार, असं कुणीतरी परस्पर ठरवलं आणि रंग वाढवून ठेवले. पाणी तर नीळ कालवल्यासारखं. पिसारो कॅरिबियन समुद्रातल्या त्याच सेंट थॉमस बेटावर, शार्लट अमाली या गावात जन्मला, १८३० साली. रोजचा समुद्र होता तो त्याचा. १८५५ मध्ये बेट सोडून तो पॅरिसला गेला आणि हे चित्र १८५६ मध्ये तिथे बसून रंगवलं. एवढ्या लांबून आठवतानाही त्याने रंग भडक केले नाहीत. यांना मात्र राहवलं नाही.

जास्त चुटपुट त्या दोघींची लागली. वाटेत थांबल्यात, एकीच्या डोक्यावर टोपली, दुसरीच्या हातात. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि तिथली गुलामगिरी संपली १८४८ मध्ये, म्हणजे चित्राच्या जेमतेम आठ वर्षं आधी. त्यामुळे ओझं घेऊन का होईना, त्यांचं असं निवांत उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं. प्रिंटमध्ये चेहऱ्यांवरच्या सावल्या काळ्या ठिक्कर झाल्यात आणि लांब पाण्याकाठची बारीक माणसं म्हणजे नुसते डाग.

त्यात कडा चौकटीवर दुमडताना खालच्या कोपऱ्यातली सहीच मागे गेली! तक्रार केली तर उत्तर आलं, 'कस्टम ऑर्डर परत घेतली जात नाही.' रंगांबद्दल अवाक्षर नाही.

आकाराची चूक माझीच. मूळ चित्र फक्त २७.७ बाय ४१ सेंटीमीटर आहे. तीन फुटांचा सोस मला कशाला हवा होता? ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि गॅलरीच्या साइटवरून त्याची मोठी फाइल फुकट उतरवता येते. मग तीच घेतली, मॅट कागदावर मूळ मापात छापून आणली, चारी बाजूंना दोन बोटं पांढरी जागा सोडून. छापणाऱ्याला एवढंच बजावलं, 'रंगाला हात लावू नका.'

दुकानाला पाचातला एक तारा, तोही पॅकिंगचा. छोटी प्रिंट टेबलासमोर लावली आहे. आता सही वाचता येते. त्या काळी पिसारो आपलं नाव 'पिझारो' असं लिहायचा.