लग्नपत्रिका व्हिडिओचं टेम्प्लेट: अख्खी लग्नसराई वापरल्यानंतर

आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं हे टेम्प्लेट सेलमध्ये घेतलेलं. दिसायला आजही झकास. तोरण, अक्षता, गणपती, सगळं मस्त हलतं. (सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन करा, टेम्प्लेटला शिव्या देऊ नका.)

शिव्या द्यायच्या त्या पुढच्या गोष्टीला. दुसरी ऑर्डर आली, मेन कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे लेयर एकावर एक रचून केलेलं दृश्य) डुप्लिकेट केला, रंग ठरवणाऱ्या कंट्रोल लेयरवर रंग मोरपंखी केला. ढिम्म! उलट जुन्या कॉम्पमधला रंग बदलला की नव्यातलाही बदलतो. आतल्या प्रत्येक प्रीकॉम्पमध्ये (मोठ्या कॉम्पमध्ये लेयर म्हणून बसवलेला कॉम्प) कॉम्प("मेन").लेयर("कंट्रोल") असा पक्का पत्ता एक्सप्रेशनमध्ये (रंग कुठून घ्यायचा ते सांगणारी कोडची ओळ) लिहून ठेवलाय. डुप्लिकेटचं नाव "मेन 2", त्याला विचारतो कोण? विक्रेत्याला मेल केली, तर म्हणे प्रत्येक ऑर्डरला वेगळी फाइल करा. अहो, मग पैसे कशाचे घेतले?

तेव्हा एक तारा दिला होता. नंतर खोलात गेलो आणि राग निम्मा उतरला. फ्लॅश या जुन्या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये _पेरेंट लिहिलं की एक पायरी वर जाता यायचं. इथे एक्सप्रेशनमध्ये ती सोयच नाही. पेरेंट आहे, पण तो लेयरला जोडलेला लेयर. थिसकॉम्प म्हणजे स्वतःचाच कॉम्प. एकच प्रीकॉम्प दहा कॉम्पमध्ये बसलेला असू शकतो, मग त्यातला 'वरचा' कोणता धरायचा? म्हणून वर बघायचं तर नाव घेऊनच.

उरलेला निम्मा राग मात्र कायम. 2018 मध्ये मास्टर प्रॉपर्टीज आल्या (प्रीकॉम्पमधली सेटिंग वरच्या कॉम्पमधून बदलायची सोय), आता त्यांना इसेन्शियल प्रॉपर्टीज म्हणतात. प्रीकॉम्पमधलं एक्सप्रेशन काढा, तो रंग इसेन्शियल ग्राफिक्स पॅनेलमध्ये ओढा. मेनमध्ये त्या प्रीकॉम्पच्या लेयरखाली तो रंग दिसायला लागतो. त्याच्यावर थिसकॉम्प.लेयर("कंट्रोल") वालं एक्सप्रेशन टाका. आतल्याने वर बघायचंच नाही, वरच्याने खाली रंग द्यायचा. आता मेन कितीही वेळा डुप्लिकेट करा, प्रत्येकाचा कंट्रोल प्रत्येकापाशी. हे विक्रेत्याला करून देता आलं असतं. नवीन टेम्प्लेट घेण्यापेक्षा रविवार घालवून मीच केलं.

सध्या साडेतीन तारे. डावं तोरण चार कॉम्प आत आहे, प्रत्येक पायरीवर तीच प्रॉपर्टी पुन्हा वर आणावी लागते, आणि तेवढा उत्साह आता उरलेला नाही. त्यामुळे ते सगळ्यांच्याच लग्नात केशरी येतं. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा झेंडू आहे म्हणून सांगतो.