जुना डॉस प्रोग्राम चालवायचाय: स्टेजिंग, एक्स की ८६बॉक्स?

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि ६४-बिट विंडोजवर डॉसचे, म्हणजे विंडोजआधीच्या काळातले, १६-बिट प्रोग्राम उघडतच नाहीत. म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गेमची फ्लॉपी जपून ठेवली असली तरी इम्युलेटरशिवाय, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामशिवाय, गत्यंतर नाही. टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या साधनाच्या निळ्या पडद्यावर ज्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी इम्युलेटर नकळत वापरलाही आहे. विंडोज ७ नंतर कॉलेजांत पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या टर्बो सीच्या पोटात डॉसबॉक्स हा इम्युलेटरच असायचा.

पण तो मूळ डॉसबॉक्स आता नव्याने बसवू नका. त्याची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ची. त्यातून फुटलेल्या दोन शाखा, स्टेजिंग आणि एक्स, आज कितीतरी पुढे आहेत.

नुसते गेम खेळायचे असतील तर डोळे मिटून डॉसबॉक्स स्टेजिंग घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि एमएस-डॉस वेगळं लागत नाही, स्वतःचं डॉस आतच असतं. मला तो आवडतो तो चित्रासाठी. डॉसचे बहुतेक गेम ३२०×२०० पिक्सेलचे. जुन्या ४:३ मॉनिटरवर ते चित्र उभं ताणलं जायचं, म्हणून गोल गोलच दिसायचं. मूळ डॉसबॉक्स आहे तसा चालवला की सगळं चपटं. स्टेजिंग हे आपोआप दुरुस्त करतो, वर जुन्या काचेच्या मॉनिटरच्या रेघाही आणतो. गेम फार पळतोय? कंट्रोल-एफ११ने वेग कमी होतो, कंट्रोल-एफ१२ने वाढतो. माउस आत अडकला तर कंट्रोल-एफ१०. एवढं आलं की झालं.

प्रश्न कामाच्या प्रोग्रामचा असेल तर उत्तर बदलतं. दुकानाच्या किंवा पतसंस्थेच्या जुन्या खतावण्या फॉक्सप्रो या डॉसच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये अडकलेल्या असतात, आणि तिथे खरी अडचण छपाईची. डॉसच्या प्रोग्रामला समोर एपसन पद्धतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हवा असतो. डॉसबॉक्स-एक्समध्ये असा आभासी प्रिंटर आहे: सेटिंगमध्ये चालू केला की पान चित्राच्या फाइलमध्ये उतरतं, विंडोजवर थेट तुमच्या लेझर प्रिंटरलाही जातं. स्टेजिंगचा सगळा रोख गेमवर आहे, ही सोय तिथे शोधू नका. एक्समध्ये विंडोज ९५ आणि ९८ही बसतात. मेनू मात्र एवढे लांबलचक की पहिल्या दिवशी गांगरायला होतं. त्यातलं नव्वद टक्के हात न लावता सोडून द्या. एक सांगतो: इम्युलेटरला जोडायची ती खतावणीच्या फोल्डरची कॉपी, मूळ फोल्डर नव्हे. प्रोग्राम चालू असताना खिडकीच बंद केली तर इंडेक्स फाइल बिघडू शकते.

८६बॉक्स हा वेगळाच प्राणी. तो डॉसची नक्कल करत नाही, अख्ख्या यंत्राची करतो: अमुक मदरबोर्ड, तमुक साउंड कार्ड. बायॉसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, रॉम फाइल वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात, मग एफडिस्क (डिस्कचे भाग पाडणं), फॉरमॅट, आणि विंडोज आपणच बसवायचं. पेंटियमची नक्कल करायला तुमचा आजचा प्रोसेसरही दमदार लागतो. साध्या लॅपटॉपवर ४८६ या पेंटियमआधीच्या प्रोसेसरच्या पुढे जाण्याचा हट्ट नको. एखादा हट्टी विंडोज ९८चा प्रोग्राम एक्सवर चाललाच नाही, तर शेवटचा उपाय म्हणून हा. नाहीतर ज्यांना यंत्र जुळवण्यातच मजा येते, त्यांच्यासाठी. मी त्यातलाच आहे, पण तुमचा रविवार वाया घालवायचा सल्ला देणार नाही.

मराठीतला जुना मजकूर असेल तर आधीच सावध करतो. डॉसमध्ये मराठी अक्षरं दाखवणारं जिस्ट कार्ड हे संगणकात खोचायचं खरंखुरं कार्ड होतं आणि ते ना स्टेजिंगमध्ये आहे, ना एक्समध्ये. इंग्रजी आकडे नीट दिसतील, खातेदारांची नावं मात्र रेघा, चौकोन आणि ग्रीक अक्षरांत. माहिती गेलेली नसते, ती इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संकेतात तशीच असते. तेव्हा तिथे इम्युलेटर बदलत बसू नका, फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या.