उपासनेच्या शेवटच्या प्रार्थना आणि आशीर्वादांचं पुस्तक – साडेतीन स्टार

आधीच सांगतो, आशीर्वादांसाठी घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या, प्रार्थनांसाठी घेणार असाल तर जरा थांबा. खिशात मावेल एवढं पुस्तक आहे, चर्चमधली उपासना संपवताना काय म्हणायचं एवढाच विषय. आमच्यासारखे जे पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) नाहीत पण अधूनमधून उपासना चालवायला उभे राहतात, त्यांना असं काहीतरी हवंच असतं, कारण सुरुवात सगळे तयार करून येतात आणि शेवटाला मात्र जे तोंडात येईल ते.

आधी चांगलं. पहिला भाग सगळा बायबलमधल्या आशीर्वादांचा आहे आणि तो खरंच मस्त जमलाय. गणना 6:24-26 म्हणजे मोशेचा भाऊ आणि याजक अहरोन याच्या नावाने ओळखला जाणारा आशीर्वाद, 2 करिंथ 13:14 मधली कृपा, प्रीती आणि सहभागिता, इब्री 13:20-21, यहूदा 24-25, रोम 15:13, सगळे एका ठिकाणी, श्वास कुठे घ्यायचा त्याप्रमाणे ओळी तोडून छापलेत. अहरोनाच्या आशीर्वादाच्या तीन ओळी वाचताना कळतं की प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लांब होत जाते, मूळ हिब्रूत तर 3, 5 आणि 7 शब्द आहेत, म्हणजे घाईत उरकायचं म्हटलं तरी शेवटच्या ओळीला आपोआप वेग कमी होतो. वर एक छोटी टीप पण दिलीय की 1979 साली यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या आणि त्यांच्यावर ह्याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत, साधारण इ.स.पू. 600 च्या आसपासचे! हे वाचल्यावर त्या ओळी गडबडीत म्हणायची हिंमत होत नाही बघा. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने 1526 च्या जर्मन उपासनाविधीत शेवटी हाच आशीर्वाद घेतला, तेही लिहिलंय.

आता प्रार्थनांचा भाग. इथे लिहिणाऱ्याचा हात सुटलाय. समारोपाची प्रार्थना दीड पान?? आणि त्यात काय, तर "हे प्रभू, आज आम्ही ऐकलं की..." करून अख्खं प्रवचन परत. देवाला प्रवचन माहीत आहे हो, तो तिथेच होता. लोक डोळे मिटून उभे असतात, लहान मुलं आईचा पदर ओढत असतात, अशा वेळी चार-पाच वाक्यं पुरेत: जे ऐकलं त्याबद्दल आभार, ते जगायला बळ दे, जे आजारी आणि दुःखी आहेत त्यांना सांभाळ, आमेन. मी यातल्या दोन-तीन प्रार्थना पेन्सिलने अर्ध्या छाटून वापरतो, तेव्हा कुठे बऱ्या वाटतात.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. प्रार्थना आणि आशीर्वाद यांची सरमिसळ केलीय. प्रार्थना आपण देवाकडे तोंड करून करतो आणि आशीर्वाद देवाच्या नावाने लोकांकडे बघून दिला जातो, म्हणूनच पाळक हात वर करतात आणि बऱ्याच चर्चमंडळ्यांत लोकांनी तेव्हा डोळे उघडे ठेवले तरी चालतात, उलट ठेवावेत असंच म्हणतात. पुस्तकात काही ठिकाणी "हे पित्या" अशी सुरुवात आणि दोन ओळींनी "तो तुम्हाला शांती देवो", म्हणजे नक्की बोलतोय कोणाशी? शिवाय कित्येक चर्चमध्ये रीतसर दीक्षा मिळालेला पाळक नसेल तर उपासना चालवणारा "तुम्हाला" न म्हणता "आपल्याला" म्हणतो आणि हातही वर करत नाही. ज्यांच्यासाठी हे पुस्तक काढलंय त्यांनाच हे सांगायला हवं होतं, पण त्यावर एक ओळ नाही.

कॅथलिक मिस्साचा, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेचा, भाग छोटा आहे पण नीटस. आशीर्वादानंतर लोकांना पाठवण्याची वाक्यं दिलीत, 2008 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मंजूर केलेली नवी वाक्यं पण आहेत, म्हणजे नुसतं "जा" नाही, तर जाऊन सुवार्ता सांगा, जगण्यातून प्रभूचं गौरव करा अशा अर्थाची. पूर्वी आशीर्वाद झाल्यावरही योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचायचे आणि ती प्रथा 1960 च्या दशकात बंद झाली, ही माहिती मला नवी होती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेला मात्र जेमतेम एक पान, तिथे शेवटी पाळकाच्या हातून भाकरीचा तुकडा घेऊन लोक निघतात, त्यावर अजून वाचायला आवडलं असतं.

छपाईबद्दल एक गोष्ट, जी कदाचित कोणाला क्षुल्लक वाटेल. इब्रीमधला आशीर्वाद उजव्या पानाच्या तळाशी सुरू होतो आणि मागच्या पानावर संपतो. आता दोन्ही हात वर केलेला माणूस पान उलटणार कसं? ज्याने मांडणी केली त्याने आशीर्वाद देताना कोणाला नीट बघितलंच नसावं. अक्षरही बारीक आहे, स्टँडवर ठेवून उभ्याने वाचायला चष्मा लागतोच.

लग्न, बाप्तिस्मा आणि अंत्यविधी यांचे वेगळे आशीर्वाद शेवटी आहेत, त्यातले अंत्यविधीचे सगळ्यात संयमाने लिहिलेत, एक शब्द फालतू नाही. मी तर म्हणेन पुस्तक घ्या, पहिला आणि शेवटचा भाग वापरा, इब्रीचा आशीर्वाद तेवढा वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या, नाहीतर पाठच करून टाका.