डायसल्फिरॅम काही महिने वापरल्यावर काय कळतं

‘दारू सोडवायची गोळी’ म्हणून डायसल्फिरॅम ओळखली जाते आणि तिच्याबद्दल दोन टोकाचे समज ऐकू येतात. गोळी सुरू केली की दारूची इच्छाच मरते, हा एक. गोळीवर दारू प्यायली की माणूस जागीच जातो, हा दुसरा. पहिला साफ चुकीचा. दुसरा बहुतेक वेळा चुकीचा, पण पैज लावून बघावी इतका चुकीचा नाही.

पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. ही गोळी दुसरी पायरी अडवते. विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं आणि 10 ते 30 मिनिटांत चेहरा-मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, घाम सुटतो, उलट्या होतात, बीपी खाली येतं. हे तासभर चालतं, कधी कित्येक तास. प्यायचं प्रमाण जास्त असेल किंवा हृदय आधीच कमजोर असेल, तर जीवावर बेतू शकतं.

तलपेला ही गोळी हातही लावत नाही. संध्याकाळ झाली की मन तिकडेच ओढ घेतं, मित्रांचे फोन येतातच. फरक एवढाच, की रोज संध्याकाळी स्वतःशी चालणारी घासाघीस सकाळी एका मिनिटात मिटते. गोळी गिळली, म्हणजे आज आणि पुढचे काही दिवस विषय बंद. काही महिन्यांच्या वापरानंतर या औषधाचा खरा फायदा विचाराल तर तो हाच, आणि तो लहान नाही.

सुरुवातीलाच हमखास होणारी चूक म्हणजे घाई. गटारीला शेवटची बाटली आणि श्रावणाच्या पहिल्या सकाळी गोळी, असा बेत करू नये. शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेलेच पाहिजेत. बरेच डॉक्टर त्याहून जास्त थांबतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात थरथर, भास, बडबड सुरू होऊ शकते. त्या टप्प्याचं औषध वेगळं आहे: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम, सोबत थायमिन (व्हिटॅमिन बी1), आणि अनेकदा दवाखान्यात भरती. डायसल्फिरॅमची पाळी त्यानंतर. उलट, क्लोरडायझेपॉक्साइड शरीरातून बाहेर पडायला ती उशीर लावते, त्यामुळे दोन्ही एकत्र आल्यास गुंगी वाढते.

आधी यकृताची तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. हृदयविकार, सायकोसिस (भास-भ्रमाचा मानसिक आजार), गरोदरपण असेल तर ही गोळी नको. फिट्स, मधुमेह, किडनी किंवा यकृताचा त्रास असेल तर निर्णय डॉक्टरांचा, शेजाऱ्याचा नव्हे. नेहमीचा डोस दिवसाला 250 मिलिग्रॅम, एकदाच. काही डॉक्टर पहिला आठवडा-दोन आठवडे 500 देतात, काहींना 125 पुरते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही गोळी एकट्यानं घेतली तर जवळजवळ निरुपयोगी आहे. कुणाच्या तरी समोर, ठरलेल्या वेळी घेतली तरच ती चालते. 2004 साली मुंबईतल्या 100 पुरुषांवरचा एक वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरचं माणूस गोळीवर लक्ष ठेवत होतं. वर्षाअखेर डायसल्फिरॅम घेणाऱ्यांपैकी 86 टक्के दारूपासून लांब होते, नालट्रेक्सोन हे तलप कमी करणारं दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी 44 टक्के. तलप मात्र नालट्रेक्सोनवाल्यांची कमी होती. दोन औषधांतला फरक यात नेमका दिसतो. फक्त हे आकडे पाठीशी घर असलेल्या माणसांचे आहेत, हे विसरू नये.

समोर घेणं म्हणजे काय, हेही नीट ठरवावं लागतं. सकाळच्या चहाची वेळ उत्तम, कारण निश्चय सकाळीच पक्का असतो. गुंगी येत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्रीवर न्यावी. गोळी गालात दाबून नंतर थुंकणं अगदी सोपं आहे. म्हणून ती चमच्यानं चुरून अर्ध्या कप पाण्यात ढवळावी. ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी पांढरा गाळ बसतो. तेव्हा कप रिकामा दिसला तरी त्यात पुन्हा थोडं पाणी घालून, हलवून, तेही प्यायचं. मग भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात टिक. देणाऱ्यानं फौजदार व्हायचं नाही. ‘नको’ आलं तर वाद न घालता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवावं. सलग दोन दिवस टाळाटाळ झाली तर बहुधा पुढं कुठली तरी हळद किंवा पार्टी ठरलेली असते. गंमत अशी, की पार्टीच्या चार दिवस आधी गोळी बंद करूनही सुटका नाही: शेवटच्या गोळीनंतर 14 दिवसांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. शिवाय गोळीची शरीराला सवय होते हाही भ्रम आहे. जितके दिवस चालू, तितकं शरीर दारूला हळवं.

‘न सांगता भाजीत मिसळा’ अशा जाहिराती खांबाखांबावर दिसतात, आणि बायका-आया बिचाऱ्या हतबल होऊन तेही करून बघतात. ते करू नये. पिणाऱ्याला माहीतच नसेल तर तो नेहमीसारखी क्वार्टर मारणार, आणि बीपी कोसळल्यावर डॉक्टरांना कारणही कळणार नाही. शिवाय या औषधाचा परिणामच मुळी ‘आपण घेतलीय’ हे माहीत असण्यावर उभा आहे. संमती लेखी घेतलेली बरी.

लपलेली दारू हा रोजच्या वापरातला सगळ्यात कटकटीचा भाग. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही ‘साधी’ औषधं वाटतात, पण आसव-अरिष्टांत आंबवताना आपोआप अल्कोहोल तयार होतं आणि लेबलवर बारीक अक्षरांत 5 ते 10 टक्के लिहिलेलं असतं. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर, काही खोकल्याची औषधं, माउथवॉश, रममध्ये भिजवलेला नाताळचा केक हेही त्यातच. आफ्टरशेव्ह आणि सॅनिटायझर त्वचेवरून किंवा वाफेतूनही काहींना त्रास देतात. हात साबणानं धुवावेत. नीरा उन्हात थोडा वेळ राहिली की ताडी होते, त्यामुळे टाळलेलीच बरी. व्हिनेगर घातलेल्या गोवन पदार्थांबाबतही जपून. इडली-ढोकळ्याला मात्र घाबरायचं कारण नाही.

जुलाब लागले की मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय मेट्रोनिडाझोल काढून देतो. डायसल्फिरॅमसोबत ती घेतली तर माणूस गोंधळतो, भास होऊ शकतात. टीबीच्या कोर्समधल्या आयसोनियाझिडशीही हिचं जमत नाही, तोल जातो, वागणं बदलतं. फिट्सची फेनिटॉइन आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन यांचा परिणाम ही वाढवते. दात काढायला गेलं तरी गोळी चालू असल्याचं आधी सांगावं.

पहिल्या काही आठवड्यांत सुस्ती, डोकेदुखी, तोंडाला धातूची किंवा लसणाची चव, अंगावर पुटकुळ्या येतात आणि बहुतेक वेळा ओसरतात. लैंगिक इच्छा मंदावल्याची तक्रार पुरुष उशिरा करतात, पण गुपचूप गोळी सोडण्यामागं तीही असते, म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ती सांगावी. यकृताला इजा क्वचित होते पण झाली तर गंभीर, आणि ती बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. त्यामुळे सुरुवातीनंतर दोन आठवड्यांनी आणि मग पहिले तीन महिने दर महिन्याला एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करावी. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेली, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी गोळी बंद आणि दवाखाना. पायांना मुंग्या येणं फसवं असतं. दारूनंही त्या येतात, पण दारू सुटून महिने झाल्यावर वाढत असतील तर संशय गोळीवर घ्यावा. डोस कमी करावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं.

एवढं करूनही कुणी प्यायलाच तर घरगुती उपाय शोधत बसू नये. आडवं झोपवून पाय उंच करावेत, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं आणि 108 ला फोन करावा. यावर उतारा असं औषध नाही. सलाइन, ऑक्सिजन आणि हृदयावर लक्ष हेच उपचार. पाकिटात एक कार्ड कायम असावं: औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. आपल्या माणसानं घेतलेली गोळी तिथल्या डॉक्टरांपासून लपवण्यात काहीच शहाणपण नाही.

तलप अनावर असेल तर नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटबद्दल विचारावं. यकृत खराब असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो. समुपदेशन, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) बैठका किंवा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारखी जागा सोबत हवी, कारण संध्याकाळचे मोकळे चार तास गोळी भरून देत नाही. कुठं जावं कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

सहा महिने ते वर्षभर हा नेहमीचा काळ. बंद करताना डोस हळूहळू उतरवावा लागत नाही, पण तारीख डॉक्टरांसोबत ठरवावी आणि ती गटारी, 31 डिसेंबर किंवा घरच्या लग्नाच्या आसपास नसावी. शेवटच्या गोळीनंतर कार्ड आणखी दोन आठवडे पाकिटात राहू द्यावं, आणि उरलेली पट्टी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.