कारवानी पिल्लू कुणाकडून घ्यावं : वर्षभरानंतरचा अनुभव

बाजी हा आमचा कारवानी, म्हणजे सडपातळ, वेगानं पळणाऱ्या देशी शिकारी जातीचा कुत्रा. त्याला घरी आणून वर्ष होत आलं. कुत्र्याला दहापैकी नऊ, ज्याच्याकडून घेतला त्याला आठ. कापलेले गुण कशाचे ते पुढं येईलच, कारण कारवानी घेणाऱ्यानं तेवढं तरी आधी विचारायला हवं.

आमची वस्ती कागलच्या पुढं, चहूबाजूंनी ऊस. मुधोळ म्हणा नाहीतर कारवानी, कुत्रं तेच. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर ते कॅरव्हान हाउंड असतं, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर मुधोळ हाउंड. लांब केसांच्या कानाशेपटीचं असेल तर लोक पश्मी म्हणतात. 2005 साली टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात हेही होतं. त्यामुळं भाव चढलाय आणि विकणारेही वाढलेत.

कोल्हापुरातल्या एकानं मोबाईलवर फोटो पाठवले आणि शिरोली नाक्यावर या म्हणाला, पिल्लू गाडीतच दाखवतो. आई कुठंय विचारलं तर ‘गावाकडं’. पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं. 2017 च्या कुत्रा प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, शिवाय ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. हे बोलल्यावर त्यानं फोनच ठेवला.

दुसरा प्रकार शिकारीचे व्हिडिओ दाखवणाऱ्यांचा. ससा धरलेला, खाली गाणं लावलेलं. एके काळी कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळवीट धरायचे, तो जमाना गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकारसुद्धा गुन्हा आहे. स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा जो गिऱ्हाईक पटवायला वापरतो, तो लसीच्या कार्डावर काय लिहील याचा विचार करा.

तिसरे शर्यतवाले. त्यांच्याकडची कुत्री देखणी, पण बऱ्याच ठिकाणी वेगासाठी ग्रेहाउंडचं रक्त घातलेलं असतं. मांड्या भरलेल्या, पाठीला कमान, कान मागं दुमडलेले. कारवानीचे कान सपाट, गालाला लागून लोंबतात. शर्यतीलाच हवं असेल तर घ्या बापडे, फक्त शुद्ध म्हणून पैसे मोजू नका.

शेवटी जत भागातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतलं. कागद नव्हते आणि त्यानं ते आधीच सांगितलं. माझं मत असं की कागदापेक्षा दोन गोष्टी बघाव्यात: आई, आणि तिच्या आधीच्या वेताची आता मोठी झालेली कुत्री. म्हातारबा म्हणाले, ‘आई बघायची न्हवं? या की गोठ्याकडं.’ कुत्री उठली, लांबूनच वास घेतला आणि बाजूला जाऊन उभी राहिली. अंगावर आली नाही, शेपूट पोटात घालून लपलीही नाही. या जातीत एवढा अलिप्तपणा चालतो; भेदरलेली आई मात्र नको, ते भेदरणं पिल्लांत उतरतं. मग त्यांनीच नातवाला बरोबर देऊन जवळच्या वस्त्यांवरची मागच्या वेताची कुत्री दाखवली. एक अडीच वर्षांचं, सरळ पायाचं, अनोळखी माणसावर भुंकणारं पण मालकाच्या एका हाकेत गप्प होणारं. तिथंच माझं ठरलं.

उलट प्रश्न त्यांनीच जास्त विचारले. कुंपण हाय का, डांबरी रस्ता किती लांब, दिवसभर साखळीला ठेवणार काय. ‘साखळीलाच ठेवायचं असंल तर दुसरं कुत्रं घ्या.’ जंताच्या औषधाच्या तारखा वहीत होत्या, लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं. नुसती सही असलेलं कार्ड धरू नका. स्टिकरवर बॅच नंबर असतो.

आता वर्षभराचं. पळणं बघायला रस्त्यावरचे लोक थांबतात. बरगड्या दिसतात म्हणून पाहुणे विचारतात, ‘उपाशी ठेवलंयस काय लेका?’ आणि रश्श्यातली शिजलेली हाडं टाकायला जातात. शिजलेलं हाड तुकडे होऊन आतडं फाडतं आणि कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, हे प्रत्येक जेवणावळीत सांगावं लागतं. छाती खोल असल्यानं पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, म्हणून खाणं दोनदा विभागून आणि खाल्ल्यावर तासभर पळवणं बंद. अंगावर चरबी नाही, त्यामुळं थंडीत पहाटे कुडकुडतो. पोत्याचा कोट शिवलाय. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. अशा सडपातळ कुत्र्यांना काही जुनी भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत.

पावसाळा सरता सरता गोचीड ताप आला. फोन केल्यावर म्हातारबा म्हणाले, हिरड्या बघ, पांढऱ्या असतील तर आजच रक्त तपास. तपासलं, औषध लागू पडलं. पैसे घेऊन वर्षभरानंतरही फोन उचलणारा ब्रीडर दुर्मीळ आहे.

मग गुण का कापले? पिल्लं ज्या वस्तीवर वाढली तिथं बैलं, कोंबड्या आणि वारा, एवढंच. पिल्लाला जगाची ओळख व्हायचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. त्यातले पहिले महत्त्वाचे आठवडे ब्रीडरच्या हातात असतात आणि त्या काळात बाजीनं मोटरसायकलसुद्धा जवळून पाहिली नव्हती. आमच्याकडं आल्यावर कुकरच्या शिट्टीला माजघरात घुसायचा. गणपतीत डॉल्बी सुरू झाली तेव्हा कुंपणाखालून माती उकरून उसात पसार झाला. रात्री उशिरा सापडला, तेही भावानं बॅटरी लावून फड पालथा घातला म्हणून. या वर्षभरात बरीच सुधारणा झाली, पण फटाक्यांना अजून भितो आणि बहुतेक भीतच राहील. आई उत्तम, रक्त उत्तम, हात लावून खेळवलेलं पिल्लू, तरी हे राहिलं. म्हातारबांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं, कारण त्यांची आधीची सगळी पिल्लं वस्त्यांवरच गेली होती, तिथं डॉल्बी पोचतच नाही.

या वेताची पिल्लं महिन्याची झाली तेव्हापासून त्यांनी गोठ्यात रेडिओ लावलाय, आणि नातू रोज ट्रॅक्टर जवळ आणून चालू करतो म्हणे. चुलतभावानं त्यातलं एक सांगून ठेवलंय.